पहिल्या महायुद्धातला सर्वांत मोठा लढाऊ वैमानिक कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहानपणी कागदावर तीन पंखांचं लाल विमान काढलेल्या प्रत्येकाला या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत आहे असं वाटतं. मलाही वाटायचं. पुढे वाचत गेलो तसं ते उत्तर बदललं. मित्रांशी आणि नव्याने या विषयाकडे वळलेल्या वाचकांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

एका नावात उत्तर द्या. कोण?

ओस्वाल्ड ब्योल्के. जर्मन, ४० विजय, वयाच्या २५व्या वर्षी मृत्यू. विजयांच्या यादीत त्याच्या वर बरीच नावं आहेत, तरीही तोच. का, ते पुढे येईलच.

पण ८० विमानं पाडणारा ‘रेड बॅरन’ असताना दुसरा कोणी कसा?

मानफ्रेड फॉन रिख्टहोफेनचे ८० विजय खरे आहेत. संशोधकांनी दोन्ही बाजूंची कागदपत्रं ताडून पाहिली, तेव्हा त्यातल्या बहुतेक विजयांना समोरच्या बाजूचं ठराविक विमान आणि ठराविक माणसं सापडली. इतका स्वच्छ हिशेब फार थोड्यांचा निघतो. त्याला कमी लेखायचा माझा अजिबात हेतू नाही.

तो कुठल्या तालमीत तयार झाला, ते मात्र पाहायला हवं. रिख्टहोफेन पूर्व आघाडीवर कोव्हेलला बॉम्ब टाकणारी विमानं चालवत होता. नव्या तुकडीसाठी माणसं हेरत ब्योल्के तिथे गेला आणि याला निवडून फ्रान्सला घेऊन आला. १७ सप्टेंबर १९१६ ला ब्योल्केच्या मागोमाग उडताना रिख्टहोफेनने पहिलं विमान पाडलं. ब्योल्के सांगेल ते आम्हाला वेदवाक्य होतं, अशा अर्थाचं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या डोळ्यांसमोर येतं ते तीन पंखांचं लाल फोकर त्याला फार उशिरा मिळालं. ८० पैकी सुमारे २० विजय त्या विमानातले, बाकीचे बहुतेक अल्बाट्रॉसमधले. प्रत्येक विजयाबद्दल तो बर्लिनच्या जवाहिऱ्याकडून चांदीचा छोटा पेला करून घ्यायचा. ६० पेले झाले आणि युद्धामुळे जर्मनीत चांदीच मिळेनाशी झाली, तेव्हा ते थांबलं.

‘विजय’ मोजायचे कसे? सगळ्या देशांचा नियम एकच होता का?

नव्हता, आणि निम्मा वाद इथेच आहे. याद्या शेजारी ठेवून आकडे ताडणं म्हणजे शेर आणि किलो एकाच तराजूत घालणं.

जर्मनांकडे एका विमानामागे एकाच वैमानिकाचं नाव लागायचं. दोघांनी मिळून पाडलं तरी श्रेय एकालाच, आणि त्याला अवशेष किंवा साक्षीदार हवेत. फ्रेंच साक्षीच्या बाबतीत फार कडक होते. शत्रूच्या हद्दीत खूप आत पाडलेलं विमान त्यांच्याकडे बरेचदा मोजलंच जात नसे. पण तिघांनी मिळून पाडलं, तर तिघांच्याही खात्यात एकेक पूर्ण विजय. ब्रिटिशांकडे ‘ताबा सुटून खाली गेलं’ अशी वेगळी वर्गवारी होती. विमान गरगरत ढगात शिरलेलं दिसलं की तेही यादीत जाई. त्यातली कित्येक विमानं खाली जाऊन सावरली आणि संध्याकाळी आपल्या तळावर सुखरूप उतरली. यात खोटेपणा नव्हता. तीन हजार मीटरवर, अंगावर गोळ्या येत असताना, खाली कोण पडलं हे पाहत थांबायला कोणाला सवड होती?

पाच विमानं पाडली की ‘एस’ ही पद्धत फ्रेंच वृत्तपत्रांतून आली. जर्मन पाचावर समाधानी नव्हते. त्यांचा ‘ब्लू मॅक्स’ हा सर्वोच्च सन्मान १९१६ च्या सुरुवातीला ८ विजयांवर मिळत होता, मग ती अट १६ वर आणि पुढे त्याहूनही वर गेली.

जर्मनांचे आकडे मोठे का दिसतात? त्यांची विमानं चांगली होती म्हणून?

काही महिने हो. १९१५ च्या उन्हाळ्यात फोकरच्या विमानावर अशी जोडणी बसली की मशिनगन फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून, पात्याला धक्का न लावता गोळ्या झाडायची. तोवर इतरांकडे तसं काही नव्हतं. १९१६ च्या शेवटी आलेलं अल्बाट्रॉसही वरचढ होतं. पण विमानांचं पारडं दर सहा-आठ महिन्यांनी फिरत राहिलं.

खरं कारण वाऱ्यात आहे. पश्चिम आघाडीवर वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे जर्मन हद्दीकडे वाहतो. ब्रिटिशांचं धोरण रोज शत्रूच्या हद्दीत घुसायचं, जर्मनांचं आपल्या हद्दीत थांबून वाट पाहायचं. झुंज सुरू झाली की दोन्ही विमानं गोल फिरता फिरता पूर्वेकडे वाहत जायची. पेट्रोल संपत आलं की ब्रिटिश वैमानिकाला वाऱ्याच्या तोंडावर घरी यावं लागे. इंजिन बंद पडलं तर तो कैदी. जर्मनाचं बंद पडलं तर तो जवळच्या शेतात उतरून रात्रीच्या जेवणाला तळावर हजर.

२३ नोव्हेंबर १९१६ ला लॅनो हॉकर असाच गेला. तो व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला नावाजलेला ब्रिटिश वैमानिक. त्याचं विमान संथ, समोर रिख्टहोफेन नव्या अल्बाट्रॉसमध्ये. दोघं एकमेकांच्या शेपटीमागे घिरट्या घेत जमिनीजवळ आले, आणि सगळा वेळ वारा त्यांना जर्मन हद्दीत आत ढकलत होता. शेवटी हॉकरला घराकडे पळणं भाग पडलं आणि पाठ वळताच डोक्यात गोळी लागली. कौशल्यात तो तसूभरही कमी नव्हता. त्याची मशिनगन पुढे रिख्टहोफेनच्या घरी दारावर लटकत होती.

रने फोंकचे ७५ अधिकृत विजय, तेही जखम न होता. मग तो का नाही?

नेमबाज म्हणून तो पहिल्या क्रमांकावर, यात मला शंका नाही. फ्रेंचांच्या कडक नियमांत ७५, आणि ९ मे १९१८ ला एका दिवसात सहा. मोजून मापून गोळ्या वापरायचा, झुंजीत कमीत कमी वेळ घालवायचा. त्याचा स्वतःचा दावा तर शंभराच्या बराच वर होता. पण त्याची कला त्याच्यापाशीच राहिली. त्याच्या हाताखालून पुढची फळी तयार झाली असं दिसत नाही, आणि माझ्या तराजूत ते वजन मोठं आहे.

फ्रेंचांच्या मनात बसला तो मात्र जॉर्ज गिनमेर. काडीपैलवान म्हणून सैन्याने आधी नाकारलेला, ५० हून अधिक विमानं पाडलेला, आणि ११ सप्टेंबर १९१७ ला बेल्जियममध्ये पोलकापेलजवळ नाहीसा झालेला.

बिली बिशपच्या ७२ विजयांवर एवढा वाद का?

२ जून १९१७ च्या पहाटे कॅनडाच्या बिशपने एकट्याने जर्मन विमानतळावर हल्ला करून तीन विमानं पाडल्याचं सांगितलं. त्यावर त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. साक्षीदार कोणी नव्हता आणि जर्मन कागदपत्रांत त्या घटनेचा पत्ता लागत नाही. १९८० च्या दशकात कॅनडात यावरून एवढं रान उठलं की प्रकरण त्यांच्या सिनेटपर्यंत गेलं. माझं मत: बिशप शूर होता, पण ज्याच्या मोठ्या पराक्रमाची खातरजमाच करता येत नाही त्याला पहिल्या क्रमांकावर बसवता येत नाही.

ब्योल्केने नेमकं असं काय केलं?

त्याने हवाई लढाईचं शास्त्र केलं. त्याच्या आधी जो तो आपापल्या अंदाजाने लढत होता.

१९१६ मध्ये त्याने आठ नियम लिहिले आणि ते जर्मन वैमानिकांत वाटले गेले. हल्ल्याआधी वरचढ जागा घे, जमलं तर सूर्य पाठीशी ठेव. एकदा हल्ला सुरू केलास की अर्ध्यावर सोडू नकोस. अगदी जवळ जाऊन, शत्रू नीट नेमात आल्यावरच गोळ्या झाड. त्याच्यावरची नजर हटू देऊ नकोस, त्याच्या बतावणीला फसू नकोस. मागून हल्ला कर. तुझ्यावर कोणी वरून आला तर पळू नकोस, वळून सामोरा जा. शत्रूच्या हद्दीत असताना परतीची वाट विसरू नकोस. आणि शेवटचा नियम, गटाने लढा, पण एका शत्रूमागे दोघं लागू नका.

आज वाचताना हे सगळं साधं वाटतं. पण १९१६ मध्ये हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. विमानाचा शोध लागून जेमतेम तेरा वर्षं झाली होती.

ऑगस्ट १९१६ मध्ये त्याला ‘यास्टा २’ ही तुकडी दिली गेली. सुरुवातीला तिच्याकडे पुरेशी विमानंही नव्हती. पोरं जमिनीवर सराव करायची आणि ब्योल्के पहाटे एकटाच उडून यायचा. तो उतरला की सगळे भोवती जमत. पाडलं का, असं कोणी विचारलं की तो उलट विचारायचा, ‘माझी हनुवटी काळी झालीय का?’ मशिनगनच्या धुराने हनुवटी काळवंडलेली असली की समजायचं, आज गोळ्या झाडल्या. मग तो मोडून पडलेल्या शत्रूच्या विमानापाशी पोरांना नेऊन दाखवायचा: इथे इंजिन, इथे टाकी, या कोपऱ्यातून त्यांच्या बंदूकधाऱ्याला तुम्ही दिसत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याने पाडलेल्या एका ब्रिटिश वैमानिकाला तर त्याने आधी कॉफी पाजली, विमानतळ फिरवून दाखवला आणि मगच कैदेत पाठवलं.

दोन महिन्यांत त्याचे स्वतःचे विजय १९ वरून ४० झाले. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्याच्या मागे तयार झालेली फळी. जर्मन हवाई दलाचा पुढच्या दोन वर्षांचा दबदबा या एका वर्गातून निघाला. आजच्या जर्मन हवाई दलातही त्याच्या नावाची तुकडी आहे.

आणि माणूस म्हणून? १९१५ मध्ये दुए गावात एक फ्रेंच मुलगा कालव्यात पडला. ब्योल्केने कपड्यांनिशी उडी टाकून त्याला बाहेर काढलं. त्या मुलाच्या आईवडिलांची इच्छा होती की या जर्मन अधिकाऱ्याला फ्रान्सचा मोठा सन्मान मिळावा. भर युद्धात!

त्याला कोणी पाडलं?

कोणीही नाही. २८ ऑक्टोबर १९१६ ला तो आणि त्याचा जिवलग एर्विन ब्योमे एका ब्रिटिश विमानामागे होते. तेवढ्यात दुसरं ब्रिटिश विमान त्यांच्या आडवं आलं, आणि त्याच्या मागे लागलेला होता रिख्टहोफेन. टक्कर टाळायला दोघांनीही एकदम वळण घेतलं. क्षणभर विमानाच्या पंखांनी दोघांनाही एकमेक दिसेनात, आणि ब्योमेचं विमान ब्योल्केच्या विमानाला हलकंसं घासलं. तेवढ्याने ब्योल्केचा पंख निकामी झाला. तो घिरट्या घेत खाली आला. जमिनीवरचा आघात फार जोराचा नव्हता, पण त्याने शिरस्त्राण घातलं नव्हतं आणि पट्टा घट्ट आवळलेला नव्हता.

एका शत्रूमागे दोघं जाऊ नका, हा त्याचाच नियम. ब्योमे या धक्क्यातून कधी पूर्ण सावरला नाही, पुढच्या वर्षी तोही गेला. ब्रिटिशांनी ब्योल्केसाठी हवेतून पुष्पचक्र टाकलं. ‘आमचा शूर आणि दिलदार प्रतिस्पर्धी’ अशा अर्थाचे शब्द त्यावर होते.

मग रिख्टहोफेनला कोणी मारलं?

२१ एप्रिल १९१८. अधिकृत श्रेय कॅनडाच्या रॉय ब्राउनला मिळालं, पण आज बहुतेक अभ्यासक जमिनीवरच्या ऑस्ट्रेलियन मशिनगनकडे बोट दाखवतात, कारण गोळी उजव्या बाजूने वर गेली होती. सेड्रिक पॉपकिन या सार्जंटचं नाव सर्वांत पुढे आहे.

मला मात्र ‘कोणी’पेक्षा ‘का’ हा प्रश्न जास्त छळतो. त्या दिवशी वारा उलटा, पूर्वेकडून होता. विल्फ्रिड मे नावाच्या नवख्या वैमानिकाचा पाठलाग करता करता रिख्टहोफेन शत्रूच्या हद्दीत, अगदी जमिनीलगत आला. परतीची वाट विसरू नकोस, असं सांगणाऱ्या गुरूला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आदल्या जुलैत त्याच्या डोक्याला गोळी चाटून गेली होती, आणि पूर्वीचा सावध रिख्टहोफेन त्यानंतर राहिला नव्हता असं मानणारे बरेच आहेत. मीही त्यांच्यातला. ऑस्ट्रेलियन तुकडीने त्याला संपूर्ण लष्करी इतमामात मूठमाती दिली.

एकाच झुंजीचा विचार केला तर?

वेर्नर फॉस, २३ सप्टेंबर १९१७. हा वीस वर्षांचा मुलगा एकटा, नव्या तिपंखी फोकरमध्ये, आणि भोवती ब्रिटिशांच्या ५६ स्क्वाड्रनचे सात निवडक वैमानिक. सुमारे दहा मिनिटं तो त्यांच्यात फिरत राहिला आणि जवळजवळ प्रत्येकाच्या विमानाला त्याने भोकं पाडली. शेवटी आर्थर ऱ्हीस-डेव्हिड्सच्या गोळ्यांनी तो पडला. त्याला जिवंत उतरवता आलं असतं तर, ही चुटपुट त्याला पाडणाऱ्यालाच लागून राहिली. तिथे हजर असलेल्या जेम्स मॅकडनने त्या जर्मनाच्या शौर्याचं मनमोकळं कौतुक लिहून ठेवलं आहे.

हार्टमनचे ३५२ सांगितले की हे सगळं फिकं नाही पडत?

एरिक हार्टमन दुसऱ्या महायुद्धातला. पूर्व आघाडीवर दिवसातून अनेकदा उडायचं, सुट्टी जवळजवळ नाही, समोर विमानांचे थवे. त्या युद्धाचा हिशेब निराळा, तो इथे आणू नये.

ब्योल्केनंतर दुसरा क्रमांक कोणाला?

एडवर्ड मॅनॉक, सगळ्यांचा ‘मिक’. त्याचा आकडाही वादात आहे, मित्र ७३ सांगत, अधिकृत ६१. मला त्यात रस नाही. हा माणूस नवख्या पोराला सोबत न्यायचा, शत्रूचं विमान आधी स्वतः खिळखिळं करायचा आणि शेवटच्या गोळ्या त्या पोराला झाडायला लावायचा. पहिला विजय खात्यात पडला की मुलाची भीती मोडते, हे त्याला कळलं होतं.

त्याला स्वतःला मात्र आगीची भीती होती. ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट दिलेलं नव्हतं. फुग्यांतल्या निरीक्षकांकडे होतं, १९१८ मध्ये जर्मन वैमानिकांनाही मिळालं, यांना शेवटपर्यंत नाही. लाकूड, कापड आणि पेट्रोल यांचं ते विमान पेटलं की उडी मारायची किंवा जळायचं. मॅनॉक त्या क्षणासाठी सोबत पिस्तूल ठेवायचा. पाडलेल्या विमानामागे खाली जाऊ नका, असं तो सगळ्यांना बजावायचा. २६ जुलै १९१८ ला डोनाल्ड इंग्लिस या नवख्याला पहिला विजय मिळवून देऊन तो त्या अवशेषांवरून खाली फिरला. खंदकातून गोळ्या आल्या आणि विमान पेटलं.

या सगळ्यात भारतीय कोणी होतं का?

होतं, आणि हा प्रश्न शेवटी येतो याचं मला वाईट वाटतं.

इंद्रलाल रॉय, जन्म कोलकाता, २ डिसेंबर १८९८. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत शिकला. डिसेंबर १९१७ मध्ये ५६ स्क्वाड्रनमध्ये असताना त्याचं विमान कोसळलं. मेला समजून त्याला प्रेतांत ठेवलं होतं आणि शुद्धीवर आल्यावर त्याने दार ठोठावलं, अशी कथा सांगतात. बरा होईपर्यंत तो विमानांची चित्रं काढत बसायचा. पुन्हा प्रशिक्षण घेऊन तो जून १९१८ मध्ये ४० स्क्वाड्रनमध्ये आला. हीच ती तुकडी जिथे मॅनॉक घडला होता. तिथे त्याचा गटप्रमुख जॉर्ज मॅकेलरॉय, तो मॅनॉकचाच चेला.

रॉय एस.ई.५ए चालवायचा. या विमानात एक मशिनगन वरच्या पंखावर असते. तिच्या ९७ गोळ्या संपल्या की वाकड्या रुळावरून ती खाली ओढायची, रिकामा डबा काढायचा, भरलेला डबा एका हाताने वाऱ्याच्या झोतात बसवायचा, पुन्हा वर सरकवायची, आणि या वेळात विमान गुडघ्यांत धरलेल्या दांड्याने सांभाळायचं. मागे कोणी लागलेला असू शकतो, हे वेगळंच. ६ ते १९ जुलै या चौदा दिवसांत या पोराने दहा विजय मिळवले. २२ जुलैला कार्व्हांच्या आकाशात फोकरांशी झुंजताना तो गेला. वय १९. चार दिवसांनी मॅनॉक, त्यानंतर पाच दिवसांनी मॅकेलरॉय.

तो ‘सर्वांत मोठा’ होता का? नाही, चौदा दिवसांवरून असं म्हणता येत नाही, आणि केवळ आपला म्हणून तसं म्हणणं त्याच्यावरच अन्याय आहे. पण त्या चौदा दिवसांत जो वेग दिसला, तो या यादीतल्या कोणाच्याही तोडीचा होता. पुढे स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले ते सुब्रतो मुखर्जी त्याचे भाचे. फ्रान्समध्ये एस्तव्हेलच्या दफनभूमीत त्याच्या समाधीवर बंगालीत कोरलं आहे: ही महावीराची समाधी आहे, आदर दाखवा, स्पर्श करू नका.

हरदित सिंग मलिकही याच काळातला. भारतीय म्हणून त्याला दार बंद होतं. तो फ्रेंचांकडे जायला निघाला, तेव्हा त्याच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकाने ब्रिटिश हवाई दलाच्या जनरलला पत्र लिहिलं आणि दार उघडलं. पगडीवर बसेल असं खास शिरस्त्राण घालून तो उडायचा. ऑक्टोबर १९१७ मध्ये पायात घुसलेल्या गोळीचे तुकडे त्याने आयुष्यभर वागवले आणि पुढे तो फ्रान्समध्ये भारताचा राजदूत झाला.

मराठी माणूस?

मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर. केंब्रिजला शिकलेला, २३ स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवणारा. जून १९१८ च्या अखेरीस जखमी होऊन जर्मनांच्या हाती पडला आणि ३० जूनला कैदेतच गेला. रॉयच्या पहिल्या विजयाला तेव्हा सहा दिवस बाकी होते. वेलिंगकरची समाधी फ्रान्समध्ये हांगारच्या दफनभूमीत आहे. सॉमच्या बाजूला जाणारे मराठी लोक आता बरेच असतात. आमियँपासून ते गाव फार लांब नाही.